कवटीतलं प्लॅस्टर

लेखकांच्या ओळीत एकच नाव होतं. विद्युलता. बालाजीरावांनी कागद उलटापालटा केला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. त्यांचं नाव पार शेवटी, आभारांत होतं, वाचनालय आणि ट्रकवाल्याच्या शेजारी.

शुक्रवारच्या समारंभासाठी संग्रहालयाने पाहुण्यांना शोधनिबंधाची प्रत पाठवली होती. देवमाशाची नवी प्रजाती. तिचं नाव त्याच दिवशी जाहीर व्हायचं होतं, म्हणून त्या जागी नुसते ठिपके होते.

कवटी बालाजीरावांनी शोधली होती. तोंडात दातांऐवजी झालर असणाऱ्या देवमाशांपैकी, कधीच नामशेष झालेल्या कुठल्याशा कुळातली. त्यांची उमेदीची वर्षं सुईने खडक खरवडण्यात गेली, तेव्हा कुठे नाकाची हाडं मोकळी झाली. आजच्या देवमाशांची ती आखूड असतात. याची लांबलचक, आणि मागची टोकं कपाळाच्या हाडात बोटांत बोटं गुंतवावीत तशी अडकलेली. सगळं वेगळेपण तिथेच होतं. ते संग्रहालयातून निवृत्त झाले त्या सुमारास विद्युलता साताऱ्याहून त्यांच्याकडे शिकायला आली, आणि त्यांनी विश्वासाने कवटी तिच्या हाती दिली.

"गिळली पोरीनें," ते म्हणाले. "अख्खी कवटी गिळली."

त्यांच्या पत्नी सकवारबाईंनी कॉफी पुढे ठेवली. "तिजला विचारा तरी अगोदर. एक फोन करावा कीं."

"काय विचारूं? चोरी कां केलीस म्हणून?"

काय शिकवायचं ठेवलं होतं तिला? एकाने घेतलेलं माप दुसऱ्याने ताडायचं. फुटक्या हाडात प्लॅस्टर भरलं तर त्याचा रंग फिकट ठेवायचा, खऱ्यात खोटं मिसळू द्यायचं नाही. आपण लिहिलेल्या निबंधात प्राण्याला आपलं नाव द्यायचं नाही. श्रीवत्स या त्यांच्या जुन्या विद्यार्थ्याने एका शिंपल्याच्या बाबतीत तो आगाऊपणा केला, तेव्हा त्यांनी त्याला अख्ख्या प्रयोगशाळेसमोर झापलं होतं. हे सगळं पोरीने पाठ केलं आणि ज्याने शिकवलं त्यालाच खड्यासारखं वेगळं काढलं. बालाजीरावांच्या अंगाचा तिळपापड झाला. कॉफी तशीच टाकून ते उठले आणि मैलापूरच्या गल्लीतून मिळेल त्या रिक्षात बसले.

संग्रहालयाच्या दालनात कवटी लाकडी चौथऱ्यावर मांडली होती. चौथऱ्यावरच्या पाटीवर रेशमी अंगवस्त्र टाकलेलं होतं. मदतनीस रंगा दिवे लावून बघत होता. त्यांना पाहून विद्युलता हसत पुढे आली.

"सर, आज कसे आलात? शुक्रवारी मी स्वतः तुम्हाला न्यायला येणार होते."

"निबंध वाचिला," बालाजीराव म्हणाले. "नाकाच्या हाडांवर उभा केलास."

"त्यावरच तर आहे सगळं, सर."

"तीं मागचीं टोकें प्लॅस्टरचीं. मीच घडविलीं."

धादांत खोटं होतं. बोलताना आपला आवाजही हलला नाही, याचं त्यांना नवल वाटलं.

विद्युलताने हाडावर बोट फिरवलं. "पण रंग तर एकच आहे."

"मिसळिला. तेव्हां अक्कल नव्हती मजला."

तिने वाद घातला असता, आवाज चढवला असता, तर त्यांना बरं वाटलं असतं. तिने हाडावरचं बोट काढून घेतलं.

"मॅडम, एक्स-रे काढून बघू या का?" रंगाने विचारलं.

"गरज नाही. सर म्हणाले म्हणजे झालं." तिने तिथल्या तिथे फोन लावला, निबंध मागे घेत असल्याचं कळवलं, शुक्रवारचा समारंभ रद्द करायला सांगितला. मग त्यांच्याकडे वळली. "बरं झालं वेळेत सांगितलंत. माझं हसं झालं असतं त्याचं काही नाही, सर, पण..." डोळे पुसत ती आत निघून गेली.

भोग आता, बालाजीराव मनात म्हणाले. राग अजून धुमसतच होता. ते दाराकडे निघाले.

"सर, ही तुम्हीच घेऊन जा," मागून रंगा म्हणाला. "आता दुसऱ्या कशाला लागायची नाही." त्याने चौथऱ्यावरची पाटी उचलून त्यांच्या हातात दिली. अंगवस्त्र घसरून खाली पडलं. पितळेवर देवमाशाचं नवं नाव ताजं कोरलेलं होतं: कोरोमंडेलोसीटस बालाजीरावी.