डबाभर बर्फ
"काकी, वाटीभर बर्फ द्या. सेन्सर बुडवतो, मीटरवरचा आकडा हलला नाही तर सेन्सर बाद," फ्रीजर उघडून बसलेला मेकॅनिक म्हणाला. "बर्फ होत असता तर तुला बोलावलं असतं काय रे?" म्हणत राधाकाकी शेजारच्या श्रुतिकाकडे गेल्या. संध्याकाळी जावई जेवायला येणार म्हणून आणलेली सुरमई त्यांनी कालच तिच्या नवऱ्याकडे फ्रीजरमध्ये ठेवायला दिली होती. श्रुतिकाने काकींच्याच लख्ख घासलेल्या डब्यात बर्फ भरला. "तुम्ही पाठवलेली सुरमई रात्रीच तळली. झकास! रिकामा डबा कसा देऊ, म्हणून थांबले होते." 'तुझ्यासाठी नव्हती गं' हे काकींच्या ओठांवर आलं आणि तिथंच गोठलं. बर्फात बुडवूनही आकडा ढिम्म हलेना. "नवा सेन्सर घालतो, मग बिनधास्त मासे ठेवा." काकींनी लेकीला फोन लावला. "अगं, जावयांना आजपासून शनिवार कडक पाळायला सांग."