छापील भाव

बाळी सिद्धगडाखालच्या पाड्यावरून धसईला रानातली कंटोळी विकायला आली, की नवऱ्याच्या बीपीच्या गोळ्या मी नोकरीला असलेल्या मेडिकलमधून न्यायची. "छापील शंभर, तुला पन्नास," शेठ आजही म्हणाले आणि तिनं देवाला जोडावेत तसे हात जोडले. तेवढ्यात झेडपीच्या गुरुजींनी तेच पाकीट मागितलं. "जेनेरिक आहे, शेठ. कंपनी वाटेल तो भाव छापते. वीस घ्या." शेठनी वीसची नोट गल्ल्यात टाकली. गुरुजी गेल्यावर बाळीनं विचारलं, "मंग माझ्याकडनं पन्नास कशापायी?" "तू कधी घासाघीस केलीस?" म्हणत शेठ तिच्या टोपलीवर वाकले. "कंटोळ्यांचा वाटा कसा दिलास?" बाळीनं गोळ्यांचं पाकीट उलटसुलट करून पाहिलं. "छापील ऐंशी. तुमाला चाळीस." शेठ खो खो हसले. "कुठं छापलंय, दाखव!" आणि गल्ल्यातली गुरुजींचीच वीसची नोट तिच्यापुढे टाकून त्यांनी वाटा उचलला. मी पिशवी धरली.