बाटलीवरची रेघ

डॉक्टरबाईंनी पडद्यावरचं चित्र मोठं केलं आणि पेन्सिलीच्या टोकाने एकेक पांढरा ठिपका दाखवला. "हा एक. हा दुसरा. आणि इथे मानेत, मणक्याच्या आत, हा तिसरा."

धाकट्याने मान पुढे काढली. घड्याळजी माणूस, जन्म गेला डोळ्याला भिंग लावून बारीकसारीक बघण्यात. स्वतःचा मेंदू मात्र पहिल्यांदाच बघत होता. शेजारच्या खुर्चीत थोरला भाऊ हातांची घडी घालून बसला होता, पोराची तक्रार ऐकायला शाळेत बोलावल्यासारखा.

"हे सगळे जुने," बाई म्हणाल्या. "आणि शिरेतून औषध सोडून पुन्हा एमआरआय काढला ना, त्यात हा एक चमकला. म्हणजे हा ताजा. वेगवेगळ्या जागी, वेगवेगळ्या वेळी. दोन वर्षांपूर्वी महिनाभर एक डोळा अंधुक झाला होता म्हणालात. तुमचं ऐकून, तपासून आणि हे बघून आता मला शंका नाही. मल्टिपल स्क्लेरोसिस. शरीर आपल्याच नसांवरचं आवरण कुरतडतं. म्हणून हात कापतो, तोल जातो, जीभ जड होते."

थोरल्याने घसा खाकरला. "दारूने होतं का हे, डॉक्टर?"

"नाही."

"म्हणजे रोज थोडीफार घेत असेल, तर..."

"दारूचा काही संबंध नाही." बाई धाकट्याकडे वळल्या. "तुम्ही घेता?"

"थेंबसुद्धा नाही."

हे वाक्य त्याने दीड वर्षात शंभर वेळा म्हटलं असेल. त्यावर कुणी हसलं नाही असं आज पहिल्यांदाच झालं. बाईंनी तर लिहूनसुद्धा घेतलं.

काय काय नाही ऐकलं त्याने त्या दीड वर्षात! घड्याळाचे भाग धुवायला दुकानात स्पिरिट लागतं. त्याचा वास दोघा भावांच्या हातांना, शर्टांना मुरलेला. पण धाकट्याचा हात कापायला लागला आणि थोरल्याला तो वास नव्याने आला. त्याने गुपचूप स्पिरिटच्या बाटलीवर पेनने रेघ मारून ठेवली. बाटलीचं झाकण ढिलं. स्पिरिट काय, फट मिळाली की उडून जातं. सोमवारी दुकान उघडलं तर पातळी रेघेच्या खाली! झालं, चोर सापडला. चाळीस वर्षं या धंद्यात काढलेल्या माणसाला स्पिरिट उडतं हे आठवू नये? पण एकदा मनाने घेतलं की घेतलं. धाकट्याला कामाच्या टेबलावरून उठवून काउंटरवर पट्टे विकायला बसवलं. गिऱ्हाइकाने विचारलं की थोरला नुसता अंगठा तोंडाशी नेऊन दाखवायचा.

"दादा, ऐकलंस ना?" धाकटा म्हणाला.

असा रोग ऐकून माणूस हातपाय गाळून बसतो. या वेड्याचा जीव भांड्यात पडला होता. बाई सांगत होत्या, पूर्ण बरा होत नाही, पण औषधांनी आवर घालता येतो, उशीर मात्र नको. तो माना डोलावत होता. मनात एकच. टेबल परत नाही मिळालं तरी चालेल, नाव परत मिळू दे.

बाहेर जिन्याच्या तोंडाशी थोरला थांबला. एमआरआयच्या फिल्मचा मोठा लिफाफा त्याने धाकट्याच्या हातून आपल्याकडे घेतला.

"चुकलं रे माझं," तो म्हणाला. मनापासून म्हणाला, डोळे भरून आले होते त्याचे.

"जाऊ दे दादा. आता फक्त सगळ्यांना सांग."

"तेच म्हणतोय. कुणाला सांगू नकोस."

धाकट्याला वाटलं, आपल्या ऐकण्यात काही चुकलं.

"माझ्या पोरीचं ठरतंय," थोरला म्हणाला. "त्या घरी हे कळलं की पहिला प्रश्न, घराण्यात आहे का? मग काय सांगू?"

"असं सरसकट घराण्यात उतरत नाही. विचार ना बाईंना, त्या सांगतील."

"ते लोक येणारेत का बाईंना विचारायला?"

"आणि मी दारुडा आहे, हे चालतं त्यांना?"

"ते माहीत आहे त्यांना. त्याचं काही नाही, त्यांच्याकडेही एक आहे." थोरल्याने आवाज खाली आणला. "दारू काय, सुटते म्हणता येतं. हे सुटतं का? तू काही करू नकोस. आहे तसंच चालू दे. लग्न होईपर्यंत."

"आणि मग?"

"मग दुकानाचा प्रश्न आहेच की. आजारी हातात कोण देईल घड्याळ?"

धाकट्याच्या अंगाचा तिळपापड झाला. बोलायचं होतं, पुष्कळ बोलायचं होतं. पण जीभ नेमकी तेव्हाच जड झाली. तो तसाच जिना उतरू लागला आणि तिसऱ्या पायरीवर तोल गेला. तो कठड्यावर आपटला, दोन पायऱ्या घसरत खाली आला.

दारातला वॉचमन धावत आला. त्याने काखेत हात घालून धाकट्याला उभं केलं, त्याला झुलताना पाहिलं, तोंडातून निघालेलं ते अडखळतं "सोड मला" ऐकलं.

"काय हे काका! भर दुपारी?"

धाकट्याने थोरल्याकडे पाहिलं. लिफाफा त्याच्याच हातात होता. एक शब्द पुरे होता.

"काय करणार," थोरला म्हणाला. "भाऊ आहे. टाकून देता येतो थोडाच?"

वॉचमनने थोरल्याकडे मोठ्या आदराने पाहिलं आणि त्याच्यासाठी दार उघडून धरलं.