अठरानंतर वीस

व्हर्नानं कोर्टाच्या खिडकीतून खटल्यातल्या नोंदींचा कागद घेतला आणि बोट लावून नोंदींचे आकडे वाचू लागली. सतरा, अठरा, वीस.

"एकोणीस कुठंय?"

"सील केलंय," पलीकडची कारकून ओपल म्हणाली.

व्हर्नाचं बोट तिथंच राहिलं. नदीवरचं धुकं चढत चढत काचांना येऊन टेकलं होतं. सगळी इमारत हळूच सुटून ओहायो नदीच्या पाण्यावरून निघाली आहे, असं तिला वाटलं. अशीच गेली वाहत तर बरं होईल. खाली गाडीत तिचा भाऊ लायल बसला होता. तिच्या पोराच्या, इलायच्या खटल्याचा कागद त्याला हवा होता, इलाय होता त्याच तुरुंगातल्या आपल्या माणसांना पाठवायला. सरकारला नावं सांगणाऱ्याच्या कागदात एखादा आकडा गळतो, हे गावातलं शेंबडं पोरही जाणतं. आणि इलायनं नाव सांगितलं असलंच, तर ते मामाचंच.

"बाई, हा कागद आत गेला तर माझं पोर जगायचं नाही हो."

"प्रत्येक खटल्यात आम्ही एक पाकीट सील करतो. सांगणाऱ्याच्या आणि न सांगणाऱ्याच्याही. बहुतेकांत नुसता कोरा कागद असतो."

"इलायच्या पाकिटात?"

"ते मी सांगितलं, तर पाकीट कशाला हवं?"

"कागद आणायला आलीस की छापायला?" लायलचा आवाज आधी आला, मग ओल्या कोटातला तो. त्यानं कागद ओढून घेतला, आकड्यांवरून नजर फिरवली आणि हसला. "पोपट बोलला म्हणायचा."

"एक आकडा सगळ्यांच्याच कागदात बंद असतो," ओपल म्हणाली.

"थापा दुसऱ्या कुणाला मारा."

"आठ वर्षांपूर्वीच्या तुमच्या खटल्याचा काढून देऊ?"

छपाईचं यंत्र बराच वेळ घरघरत राहिलं. त्या आवाजात व्हर्नाचे डोळे मिटत आले. लहानपणी तापात पडल्यावर घर असंच दूर दूर जायचं.

लायलनं आपला कागद दोनदा वाचला. सव्वीस, सत्तावीस, एकोणतीस.

"हे काय? मी तर तोंडही उघडलं नव्हतं!"

व्हर्नानं त्याच्या हातातून दोन्ही कागद अलगद काढून घेतले आणि एकावर एक ठेवून घडी घातली.

"दादा, आत पाठवायचेत ना? दोन्ही एकत्रच पाठवते."