सांध्यावरचा साबण

१४ फेब्रुवारी १९९८, सकाळचे सव्वासात. केनियातल्या नान्युकीच्या धावपट्टीवर उभ्या असलेल्या जुन्या विमानाच्या डाव्या टाकीतून मिनिटाला चार थेंब पेट्रोल गळत होते.

"मुस्योकाबाबा, तुमचा डाख रडतोय बघा," वैमानिक न्किरोते हसत म्हणाली. "आज आईला नैरोबीच्या दवाखान्यात न्यायचंय. वाटेत नाही ना रडणार?"

वृद्ध मिस्त्री मुस्योकाची मान खाली गेली. वितळलेल्या धातूने सांधा बुजवणारा डाख त्याने दिलाच नव्हता. गेल्या आठवड्यात, टाकी उतरवण्याचा कंटाळा करून, त्याने सांध्यावर बाहेरून धुण्याचा साबण अंगठ्याने दाबला होता आणि डाख दिल्याचे तिला खोटे सांगितले होते.

"तासभर थांब, पोरी. पुन्हा बघतो."

"थांबते की. तुम्ही हात लावलाय म्हणून तर आईला बसवते."

त्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

त्याने टाकी उतरवली, रिकामी करून पाण्याने धुतली आणि साबण खरवडून काढला. आता खरा डाख द्यायचा, या निश्चयाने त्याने टाकीच्या तोंडातून छोटा आरसा आत घातला व उन्हाची तिरीप सांध्यावर पाडली.

आतूनही साबण दाबलेला होता. त्यावर अंगठ्याचा ठसा होता आणि ठशाच्या मधोमध एक आडवी चीर होती.

मुस्योकाने आपला अंगठा उन्हात धरला. लहानपणी कोयता लागल्याचा आडवा व्रण तसाच होता.

"बाबा, झालं का?" न्किरोतेने लांबून हाक मारली.

त्याने टाकीचे तोंड मोजले. हात आत घालायला टाकीला त्याहून मोठे भोक नव्हते.

रुंदी दोन इंच.