दहा तुझे, दहा माझे

गॅस भरायच्या एकाच कारखान्यात दोन साडू कामाला, आणि धाकट्याचं नाव काढलं की थोरल्याच्या पोटात नुसती आग! घरी बायको म्हणणार, "बघा जरा आमच्या धाकटीचा नवरा," आणि सासूबाईंच्या तोंडी तर दिवसभर जावई म्हणजे तोच. त्यात साहेबांनी जाहीर केलं, दोघांनी दहा-दहा सिलिंडर भरा, उद्या सकाळी तपासणी, ज्याचं मिश्रण बरोबर तो फोरमन.

आता वेल्डिंगच्या या गॅसचं असं असतं, की आधी कार्बन डायऑक्साइड भरायचा, मग आर्गॉन. पण नुसता भरून ठेवला तर आत थर राहतात. सिलिंडर आडवा पाडून जमिनीवर चांगला लोळवला, तरच दोन्ही एकजीव होतात. थोरल्याला नेमका त्याचाच कंटाळा! भरले, उभे केले आणि पाच वाजता घरी पसार. सकाळी मात्र सगळ्यांच्या आधी हजर, आणि पठ्ठ्याने काय करावं? दोन्ही रांगांवरच्या नावाच्या चिठ्ठ्या गुपचूप बदलून टाकल्या!

तपासणी झाली. थोरल्याच्या नावाचे दहाच्या दहा नापास, धाकट्याचे सगळे पास. थोरल्याचा चेहरा खर्रकन उतरला.

धाकटा डोकं खाजवत त्याच्याजवळ आला.



"कमाल आहे साडूभाऊ! काल दहाच लोळवण्याएवढा वेळ होता, म्हणून मी माझे सोडून तुमचेच लोळवले. म्हटलं तुम्ही मोठे, आधी तुमचा नंबर लागू दे!"