सूपभर मेथी

“सिंधू, मेथी शिगोशीग सूपभर घे गं. शिजली की मूठभर राहती, अन् लेकरं अर्धपोटी उठतेत.” भूकंपानंतर पत्र्याच्या शेडात सासूबाईंनी असं बजावलं, तेव्हा सिंधूकाकूंनी शब्द दिला होता की आपल्या पंगतीतून कुणी अर्धपोटी उठणार नाही. पुढं लातुरात मेस काढली, तरी क्लासच्या पोरांसाठी त्या त्याच मापानं रांधत आल्या.

यंदा श्रावणात लेक हरिओम वजनकाटा घेऊन त्यांच्यापुढं बसला. “आई, तुझं सूप म्हणजे किती ग्रॅम, टोपलं म्हणजे किती, सगळं मोजून दे. तुझ्या हातची चव मेसमध्ये कायम राहिली पाहिजे.” लेकाला एवढी कदर, म्हणून काकूंचा ऊर भरून आला. रोज जप आटोपला की त्या एकेक भाजी निवडून काट्यावर ठेवू लागल्या.

पोळ्यापर्यंत सगळ्या भाज्यांची वजनं झाली. दुसऱ्या सकाळी शेगडीपाशी पगारी आचारी उभा होता.

“आता तू निवांत देव देव कर, आई,” हरिओम म्हणाला आणि आचाऱ्याकडं वळला. “आईनं सांगितलेलं वजन हाय ना, त्याच्या निम्मंच घ्यायचं. पोरांना काय कळतंय!”

 देवापुढं हात जोडून काकूंनी आपली कढई उचलली आणि शेजारच्या दारात जाऊन हळूच हाक मारली, “रहमतआपा, तुमच्या अंगणात एक चूल मांडू का?”